कराड ते फ्रीमाँट : रनिंग टाईम

परवा शेजारच्या मास्तरीणबाईंनी जिन्यातच थांबवून विचारलं, "अमेरिकेला जायला किती तास लागतात हो?" त्यांचा मुलगा सिॲटलला असतो. बाई मार्चमध्ये पहिल्यांदाच निघाल्यात, तेही एकट्या. मी म्हटलं, "उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते. संध्याकाळी चहाला या, कागदावर मांडून देतो."

मी एसटीत चौतीस वर्षं काढली. १९८४ला वाहक म्हणून लागलो आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. "गाडी किती वाजता पोचंल?" हा प्रश्न मी चौकशीच्या खिडकीतून किती हजार वेळा ऐकला असेल, त्याला गणती नाही. आमच्याकडे प्रत्येक मार्गाला रनिंग टाईम ठरलेला असतो. नुसत्या किलोमीटरवर तो ठरत नाही. घाट किती, थांबे किती, रस्ता कसला, बाजाराचा दिवस कोणता, हे सगळं त्यात धरावं लागतं. त्यामुळं कुणी "विमानाला सोळा तास" असं म्हणालं की माझ्या मनात लगेच येतं, हा झाला विमानाचा वेळ. माणसाचा किती?

माझी धाकटी मुलगी फ्रीमाँटला राहते. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ तिथून खाडीपलीकडं, तासाभराच्या आत. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० धरला तर त्याचा तिसरा हिस्सा. माझ्या हिशेबात सांगायचं तर एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे सव्वादोन हजार टप्पे झाले. वाहक असताना माझी ड्युटी दिवसाला साधारण अडीचशे किलोमीटरची असायची. त्या हिशेबानं मुलीच्या गावी पोचायला चोपन्न दिवसांची ड्युटी, एकही सुट्टी न घेता. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा वही मिटून बराच वेळ बसलो होतो.

पहिल्यांदा आम्ही दोघं गेलो २०१९च्या उन्हाळ्यात, नातू झाला तेव्हा. दुबईला विमान बदलून. तिकीट काढून देणाऱ्या पोरानं समजावलं होतं, "काका, दुबईपर्यंत तीन-सव्वातीन तास, पुढं सोळा." मला ते पटेना. दुबई मुंबईच्या पश्चिमेला, जवळजवळ १,९०० किलोमीटर. अमेरिकाही पश्चिमेलाच. म्हणजे तेवढं अंतर कापून झाल्यावर पुढचं तेवढंच कमी व्हायला हवं. पण दुबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर आहे सुमारे १३,००० किलोमीटर! एकोणीसशे किलोमीटर जाऊन आपण जेमतेम पाचशेंनी जवळ आलो.

याचं उत्तर मला फ्रीमाँटमध्ये मिळालं. मुलीच्या घरी पृथ्वीचा गोल होता आणि हिच्या शिवणाच्या डब्यात दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर आणि ताणला. मला वाटलं होतं दोरा अरबस्तान, युरोप, अटलांटिक असा जाईल, शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा. तो गेला सरळ वर. काश्मीर, मध्य आशिया, सायबेरिया, उत्तर ध्रुवाच्या अलीकडचा बर्फाचा समुद्र, मग अलास्का आणि तिथून खाली. दुबईहून ताणला तर जवळजवळ ध्रुवावरूनच. सॅन फ्रान्सिस्को आपल्या पश्चिमेलाही नाही आणि पूर्वेलाही नाही, ते पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. डोंगराच्या पलीकडच्या गावाला जायचं तर पायथ्यानं डावीकडून जा नाहीतर उजवीकडून, सारखंच पडतं. जवळची वाट खिंडीतून, आणि ही खिंड उत्तरेला आहे. दुबईला जाणं म्हणजे पायथ्यानं थोडं बाजूला सरकणं. हे कळलं त्या दिवशी मी तो दोरा कितीतरी वेळा ताणून पाहिला. चौतीस वर्षं मी अंतरांत वावरलो, पण गोल वस्तूवर सरळ रेषा कशी धावते हे कुणी मला दाखवलं नव्हतं. शाळांमधून हे दाखवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. एक गोल आणि एक दोरा, एवढंच लागतं.

त्या वेळी आमचा दारापासून दारापर्यंतचा वेळ झाला सदतीस तास. दुपारी चारला कराड सोडलं, रात्री साडेदहाला मुंबईचा विमानतळ, पहाटे साडेचारला विमान. दुबईत अडीच तास. हिच्या गुडघ्यांमुळं चाकाची खुर्ची मागितली होती, ती मिळाली आणि तीच आमच्या उपयोगी पडली. नाहीतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालण्यातच अडीच तास संपले असते.

दुसऱ्यांदा गेलो जानेवारी २०२४मध्ये, मुंबईहून थेट. ही विनाथांबा सेवा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाली होती. पहाटे पाचला घर सोडलं आणि बाराच्या आधी विमानतळावर पोचलो. दुपारी चारला विमान उठलं, सोळा तास उडालं आणि उतरलं तेव्हा तिथं त्याच तारखेची संध्याकाळ होती, साडेसहा वाजलेले. घड्याळात अडीच तास. हिनं मला दोनदा विचारलं, "आज नक्की तीच तारीख आहे ना?" सामान येऊन, शिक्के होऊन, खाडीवरचा तो अकरा किलोमीटरचा लांबलचक पूल ओलांडून घरी पोचलो तेव्हा आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे पावणेअकरा वाजले होते. पावणेतीस तास. म्हणजे बोलायला सोळा, प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट.

समोरच्या पडद्यावर विमानाची वाट दिसते. मी सिनेमा लावला नाही, तीच बघत बसलो. माझी समजूत होती की आपण दोऱ्याच्या वाटेनं वर जाणार. विमान वळलं पूर्वेला. म्यानमार, चीन, जपानची बाजू आणि मग सगळा प्रशांत महासागर. ही वाट दोऱ्यापेक्षा दीड हजार किलोमीटरनी तरी लांब. तरी ती घेतात, कारण वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढं जातो. पाठीवर असा वारा मिळाला की लांबची वाट लवकर सरते. २०१६च्या ऑक्टोबरात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकची वाट सोडून पहिल्यांदा प्रशांतावरून नेलं गेलं, तेव्हा १३,९०० ऐवजी १५,३०० किलोमीटर कापूनही ते साडेचौदा तासांत पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी लवकर! मार्गाचा सर्व्हे करणाऱ्या माणसाला यापरतं समाधान नाही. आमच्याकडंही कमी अंतराचा घाटरस्ता सोडून हायवेनं गाडी घातली की वेळ वाचायचा, पण तिथं निदान रस्ता डोळ्यांना दिसायचा. इथं वाऱ्याचा रस्ता आहे, रोज जागा बदलणारा, आणि रोज कुणीतरी बसून तो नव्यानं आखतं.

परतीला तोच वारा तोंडावर घ्यायला नको म्हणून विमान दुसऱ्या बाजूनं आलं. कॅनडा, ग्रीनलंडच्या वरून, मग रशियाच्या अंगानं खाली. तरी सतरा तास लागलेच. दोऱ्यानं हे गोलावर मांडून बघितलं तेव्हा लक्षात आलं, जाताना पूर्वेला गेलो आणि येतानाही पूर्वेलाच आलो. म्हणजे कराडच्या दोन म्हाताऱ्या माणसांनी पृथ्वीला एक अख्खी प्रदक्षिणा घातली होती. हिला सांगितलं, तर तिनं देवासमोर साखर ठेवली.

आकाशातही रस्ते बंद होतात, ही गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला की भोर-महाड गाड्या वळशानं पाठवाव्या लागतात, तसंच. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर २०२२मध्ये रशियानं युरोपच्या आणि अमेरिकेच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय आणि आखाती विमानांना ते उघडं राहिलं. एप्रिल २०२५पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडं जाणाऱ्या गाड्यांना (विमानांना म्हणायचंय, सवय जात नाही) मोठा वळसा पडला. काहींना मधे इंधनासाठी उतरावं लागलं. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, मग कमी माणसं किंवा मधला थांबा. तिकिटावर छापलेला वेळ या सगळ्याच्या जिवावर उभा असतो.

आणि ब्रेकडाऊन. ६ जून २०२३ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळं रशियाच्या पूर्व टोकाला मगदान नावाच्या गावी उतरवलं. २१६ प्रवासी. बदली विमान दुसऱ्या दिवशी मुंबईहून निघालं. मी ती बातमी वाचली तेव्हा मला माझ्या कित्येक रात्री आठवल्या. कुंभार्ली घाटात गाडी बंद, पाऊस, फोन लागत नाही आणि आगारात बदली गाडी आहे पण चालक झोपलाय. त्या रात्री बदली विमानाचे वैमानिक, अन्नाची पाकिटं, परवाने हे सगळं ज्यांनी जुळवलं असेल, त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. थेट सेवेला वैमानिकांची एकच जोडी पुरत नाही, आळीपाळीनं झोपायला वर बिछाने असतात. ते कळल्यावर मला बरं वाटलं. थकलेल्या चालकाला परत गाडी काढायला मी आयुष्यात कधी लावलं नाही.

आता जे सांगतो त्यासाठी खरं म्हणजे मी लिहायला बसलो.

माझी आई १९३३ची. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन छोटं विमान जुहूला उतरवलं होतं. आई पंधरा वर्षांची असताना, ८ जून १९४८ला, मुंबईहून लंडनला एअर इंडियाचं पहिलं विमान सुटलं, काहिरा आणि जिनिव्हाचा थांबा घेत. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं जग गावापासून कराडच्या बाजारापर्यंत, नऊ किलोमीटर, दीड टप्पा. पण नात अमेरिकेला गेल्यावर तिनं स्वतःचं एक घड्याळ बसवलं होतं. "आपल्यात दिवं लागलं की तिकडं कोंबडं आरवतं," असं ती म्हणायची. उन्हाळ्याच्या वेळेत फरक साडेबारा तासांचा. आपल्याकडं संध्याकाळचे सात म्हणजे तिकडं सकाळचे साडेसहा. अगदी बरोबर होतं तिचं. दिवेलागणीला फोन घेऊन ती ओट्यावर बसायची.

ऑक्टोबर २०२२मध्ये एका मंगळवारी पहाटे चारला आई गेली. फ्रीमाँटमध्ये तेव्हा सोमवारची दुपार, साडेतीन. मी मुलीला फोन केला. ती ऑफिसात होती. पाचेक मिनिटं दोघंही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "अण्णा, मी निघते. थांबाल ना?"

उजाडेपर्यंत अंगणात माणसं जमली. आमच्याकडं पहिला प्रश्न असतो, माती कधी? नव्वदीचे तात्या, माझे चुलते, काठी टेकत माझ्याजवळ आले. म्हणाले, "पोरीसाठी थांबायचं का रं? किती तास लागत्यात, ते तुलाच ठावं." सगळे माझ्याकडं बघत होते. आयुष्यभर मी लोकांना हाच आकडा सांगत आलो होतो.

मी आत गेलो, कालदर्शिकेचं मागचं पान फाडलं आणि मांडायला लागलो. तिकीट मिळालं तर तिकडचं रात्री साडेआठचं विमान, म्हणजे आपले सकाळचे नऊ. युरोपपर्यंत अकरा तास. तिथं तीन तास थांबणं. पुढं मुंबईपर्यंत नऊ. बुधवारी सकाळी आठला मुंबई. दोन तास बाहेर पडायला. साडेसहा तास गाडी. साडेचार वाजले. साडेछत्तीस तास, तेही कुठंच काही न चुकता. आणि दोन गाड्यांचा मेळ असलेलं वेळापत्रक न चुकता पाळलं जाईल, असं मी नोकरीत कधी कुणाला छातीठोक सांगितलं नव्हतं. पेन हातात धरून मी त्या बेरजेकडं बघत राहिलो. कुठं तास-दोन तास काढता येतात का, हे मी तीनदा तपासलं. येत नव्हते.

बाहेर येऊन तात्यांना म्हटलं, "उद्या संध्याकाळ होईल." तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आयनं कुणाला कधी ताटकळत ठेवलं न्हाई." शीतपेटी आणायची का, असं एकदोघांनी सुचवलं. मी नको म्हणालो. तो निर्णय माझा होता. साडेअकराला आईला अग्नी दिला. मुलीला हे कळवायला मी जो फोन केला, तेव्हा तिचं विमान उठून गेलेलं होतं. तिला युरोपात उतरल्यावर माझा निरोप मिळाला. तिथले तीन तास ती कशी बसली असेल, हे मी अजूनही तिला विचारलेलं नाही.

दोन्ही विमानं वेळेवर आली, एक मिनिटाचा उशीर नाही. मुलगी मुंबईहून निघाली आणि खंबाटकीचा घाट चढताना पुढं ट्रक आडवा झाला. तेव्हा साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा होता, पण येताना घाटच चढावा लागायचा. अडीच तास ती तिथं अडकली. हजारो किलोमीटरमध्ये कुठंही न चुकलेली वेळ घरापासून शंभर किलोमीटरच्या आत चुकली. संध्याकाळी सातला ती अंगणात उतरली. नेमकी दिवेलागण झाली होती. ओट्यावर आईची जागा मोकळी होती. ती काही न बोलता जाऊन तिथं बसली, आणि मी तिच्या शेजारी.

तिसऱ्या दिवशी माती सावडायला ती नदीवर आली. आमच्यात पूर्वी बायका जात नसत. तात्या स्वतः म्हणाले, "तिला येऊ द्या. लई लांबनं आलीय."

त्यानंतर मी एक काम सुरू केलं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. डाव्या रकान्यात आपलं घड्याळ, उजव्या रकान्यात तिकडचं. दिवसाच्या कोणत्याही प्रहरी फोन आला, तर त्यानंतरचं पहिलं सोयीचं विमान कोणतं, ते कुठं बदलतं, मुंबईला किती वाजता टेकतं, आणि दारात किती वाजता पोचता येतं. चार प्रहरांच्या चार ओळी. खाली उलट दिशेचं, आम्हाला तातडीनं तिकडं जावं लागलं तर. प्रत्येक ओळीला शेवटी दोन तास जास्तीचे धरलेत, घाटाचे. पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती आणि हिच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच कपाटात.

मास्तरीणबाईंना मी तसाच कागद करून दिला. सिॲटलला मुंबईहून थेट विमान नाही, त्यांना एक ठिकाणी बदलावं लागेल. मधे तीन तासांहून कमी वेळ असेल तर ते तिकीट घेऊ नका, दोन-चार हजार वाचले तरी नको, एवढं मी ठासून सांगितलं. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. दर दोन तासांनी उठून मागपर्यंत एक फेरी मारा. आणि मुलाला विमानाचा वेळ सांगू नका, घर सोडल्याचा सांगा. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग एकूण किती?" मी म्हटलं, "घरापासून घरापर्यंत छत्तीस धरा." त्यांनी ते वर कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

त्या गेल्यावर मी कपाट उघडून आमचा कागद काढला. नोव्हेंबरचा पहिला रविवार होऊन गेलाय, तिकडची घड्याळं एक तास मागं गेलीत, साडेबाराचे साडेतेरा झालेत. आता आपल्याकडं दिवे लागतात तेव्हा तिकडं साडेपाचच वाजलेले असतात, काळोख. उजवा रकाना सगळा खोडून नव्यानं लिहायला घेतला. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "परत बदललं का?"

"हो," म्हटलं, "मार्चपर्यंत."